बिलियन म्हणजे नक्की किती? शंभर कोटी की एक लाख कोटी?

"या व्हिडिओला एक बिलियन व्ह्यूज", "अमुक कंपनीत दोन बिलियन डॉलरची गुंतवणूक", "जगाची लोकसंख्या आठ बिलियन"... दिवसातून एकदा तरी हा शब्द आपल्या मोबाईलवर दिसतोच. आपण वाचतो, 'बापरे, बरेच आहेत की' म्हणतो आणि पुढची पोस्ट बघतो. पण कुणी मध्येच अडवून विचारलं, "बिलियन म्हणजे किती कोटी रे?" तर भलेभले बोटांवर शून्यं मोजायला लागतात.

गंमत म्हणजे, हा गोंधळ फक्त आपलाच नाही. ज्यांनी हा शब्द जन्माला घातला त्या फ्रेंचांनी आणि ज्यांनी तो जगभर नेला त्या इंग्रजांनीही बिलियनचा अर्थ चक्क बदलला आहे. आजही जर्मनीत 'बिलियोन' म्हटलं तर ती रक्कम आपल्या बिलियनच्या हजारपट निघते! चला तर मग, हा शब्द आला कुठून, त्याचे दोन अर्थ कसे झाले आणि तो मराठीत आणताना कुठे पाय घसरतो, ते नीट समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर

आजच्या इंग्रजीत १ बिलियन म्हणजे एकावर नऊ शून्यं. म्हणजेच १,००,००,००,००० किंवा १०० कोटी. मराठीत यालाच १ अब्ज म्हणतात.

हे कोष्टक एकदा लक्षात ठेवा, अर्धं काम झालंच म्हणून समजा:

१ मिलियन = १० लाख (६ शून्यं)
१० मिलियन = १ कोटी (७ शून्यं)
१ बिलियन = १०० कोटी = १ अब्ज (९ शून्यं)
१ ट्रिलियन = १ लाख कोटी (१२ शून्यं)

मिलियन आणि बिलियन ऐकायला सख्खे भाऊ वाटतात, पण दोघांत किती अंतर आहे?

दोन्ही शब्दांत एकाच अक्षराचा फरक आहे, त्यामुळे आपल्या मनात दोन्ही 'खूप मोठी संख्या' या एकाच कप्प्यात जाऊन बसतात. हे अंतर समजून घ्यायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सेकंद.

१ मिलियन सेकंद म्हणजे साडेअकरा दिवसांपेक्षा थोडे जास्त. १ बिलियन सेकंद म्हणजे ३१ वर्षं आणि सुमारे ८ महिने. आणि १ ट्रिलियन सेकंद म्हणजे जवळपास ३१,७०० वर्षं!

म्हणजे एक मिलियन सेकंदांपूर्वी तुम्ही मागच्या आठवड्यातली कामं उरकत होतात. एक बिलियन सेकंदांपूर्वी तुमच्यापैकी अनेकांचा जन्मही झाला नव्हता. आणि एक ट्रिलियन सेकंदांपूर्वी माणसाला शेती म्हणजे काय हेसुद्धा ठाऊक नव्हतं. एका अक्षराचा फरक तो हा असा.

शब्द आला कुठून?

बिलियनची गोष्ट मिलियनपासून सुरू होते. प्राचीन रोमन लोकांकडे दहा लाखांसाठी स्वतंत्र शब्दच नव्हता. त्यांना ही संख्या सांगायची असली की ते 'दहा वेळा शंभर हजार' असं म्हणत. नीट बघितलं तर आपल्या 'दहा लाख'ची रचनाही अगदी अशीच आहे. फरक इतकाच, की शंभर हजारांना आपल्याकडे 'लाख' असं सुटसुटीत नाव होतं.

लॅटिनमध्ये हजाराला 'मिले' म्हणतात. मध्ययुगातल्या इटालियन भाषेत या 'मिले'ला 'ओने' हा प्रत्यय लागला. कुठलीही गोष्ट मोठी आहे असं दाखवणारा हा प्रत्यय. त्यातून 'मिलिओने' म्हणजे 'मोठा हजार' असा शब्द तयार झाला. त्या काळात इटलीतल्या शहरांचा व्यापार वाढत होता, हिशेबाच्या वह्या जाडजूड होत होत्या आणि मोठ्या रकमांना नावाची गरज पडत होती. हाच शब्द फ्रेंचमधून चौदाव्या शतकात इंग्रजीत आला आणि 'मिलियन' झाला.

पुढची पायरी फ्रान्समध्ये पडली. १४७५ साली जेआँ आदाम या फ्रेंच लेखकाने 'बायमिलियन' आणि 'ट्रायमिलियन' हे शब्द वापरले. त्यानंतर नऊच वर्षांनी, १४८४ मध्ये, निकोला शुके या गणितज्ञाने लियों शहरात एक हस्तलिखित लिहिलं. त्यात त्याने या नावांची अख्खी साखळीच मांडली: बिलियन, ट्रिलियन, क्वाड्रिलियन असं करत थेट नॉनिलियनपर्यंत.

शुकेची पद्धत अगदी तर्कशुद्ध होती. त्याने मोठ्या संख्येचे सहा-सहा अंकांचे गट पाडले. पहिल्या गटानंतर मिलियन, दुसऱ्या गटानंतर बिलियन, तिसऱ्यानंतर ट्रिलियन. 'बाय' म्हणजे दोन. त्यामुळे बिलियन म्हणजे मिलियन गुणिले मिलियन, एकावर बारा शून्यं. 'ट्राय' म्हणजे तीन. म्हणून ट्रिलियन म्हणजे मिलियन तीन वेळा गुणून येणारी संख्या, एकावर अठरा शून्यं. नाव ऐकलं की शून्यं किती ते कळावं, इतकं सोपं गणित.

म्हणजे मूळ बिलियन हा शंभर कोटींचा नव्हताच. तो होता एक लाख कोटींचा!

शुकेच्या नशिबी मात्र या कामाचं श्रेय फार उशिरा आलं. त्याचं हस्तलिखित त्याच्या हयातीत छापलंच गेलं नाही. १५२० मध्ये एस्तिएन द ला रोश याने आपल्या अंकगणिताच्या पुस्तकात त्यातला बराच मजकूर वापरला आणि ही नावं लोकांपर्यंत पोहोचली. शुकेचं मूळ लेखन छापून आलं ते थेट १८८० मध्ये, म्हणजे जवळपास चारशे वर्षांनी.

इंग्रजीत हा शब्द रुळायला सतरावं शतक उजाडावं लागलं. सुप्रसिद्ध तत्त्वज्ञ जॉन लॉक याने मानवी आकलनावरच्या आपल्या ग्रंथात संख्यांवर एक प्रकरण लिहिलं आहे. त्यात त्याने सहा-सहा अंकांचे गट पाडून बिलियन, ट्रिलियन ही नावं दिली आहेत. त्याचा मुद्दा मोठा छान होता: संख्येला नाव नसेल, तर ती माणसाच्या डोक्यात स्पष्टपणे उभी राहत नाही. नाव मिळालं की ती पकडीत येते. आता हेच नाव दोन वेगवेगळ्या संख्यांना दिलं तर काय होईल? नेमकं तेच पुढे घडलं.

एका शब्दाचे दोन अर्थ कसे झाले?

सहा अंकांच्या गटात एक अडचण होती. मिलियन आणि बिलियन यांच्यामध्ये खूप मोठी मोकळी जागा राहत होती. मधल्या संख्यांना 'हजार मिलियन', 'दहा हजार मिलियन', 'शंभर हजार मिलियन' असं लांबलचक म्हणावं लागे. सोळाव्या शतकात फ्रेंचांनी यावर तोडगा काढला. हजार मिलियनसाठी त्यांनी 'मिलियार' असा नवा शब्द रूढ केला. तो पुढे युरोपातल्या अनेक भाषांनी उचलला.

पण सतराव्या शतकात फ्रान्समध्येच काही गणिती दुसऱ्या वाटेने गेले. लिहिताना तीन-तीन अंकांनंतर खूण करायची, तर नावंही तीन-तीन अंकांनीच का बदलू नयेत? त्यांनी हजार मिलियनलाच 'बिलियन' म्हणायला सुरुवात केली. मग हजार बिलियनचा झाला ट्रिलियन. अमेरिकेने हीच फ्रेंच पद्धत उचलली. ब्रिटन मात्र जुन्या, बारा शून्यांच्या बिलियनला चिकटून राहिलं.

या दोन पद्धतींना आज 'लाँग स्केल' आणि 'शॉर्ट स्केल' म्हणतात. आपण मराठीत त्यांना लांब मोजणी आणि आखूड मोजणी म्हणू.

लांब मोजणी: बिलियन म्हणजे १२ शून्यं, ट्रिलियन म्हणजे १८ शून्यं.
आखूड मोजणी: बिलियन म्हणजे ९ शून्यं, ट्रिलियन म्हणजे १२ शून्यं.

आखूड मोजणीत शब्दाचा मूळ अर्थ हरवला, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. त्यातल्या बिलियनमध्ये मिलियन दोनदा गुणलेला नाही, त्यामुळे त्या 'बाय'ला काही आधारच उरलेला नाही. तरीही वापरात तीच मोजणी जिंकली. भाषेत बरेचदा असंच होतं. तर्क एकीकडे राहतो आणि ज्याच्या हाती व्यवहार, त्याचा शब्द चालतो.

ब्रिटन आणि फ्रान्स यांनी जागांची अदलाबदल केली!

या गोष्टीतला सगळ्यात मजेदार भाग विसाव्या शतकात घडला.

आखूड मोजणी ही मुळात फ्रेंचांची. पण फ्रान्सने १९६१ मध्ये अधिकृतपणे लांब मोजणी स्वीकारली. म्हणजे फ्रेंचमध्ये 'बिलियों' पुन्हा बारा शून्यांचा झाला आणि नऊ शून्यांसाठी 'मिलियार' कायम राहिला.

तिकडे ब्रिटनमध्ये उलटं वारं वाहत होतं. अमेरिकेचा व्यापार, तिथली वृत्तपत्रं, तिथलं विज्ञान यांच्या प्रभावामुळे ब्रिटिश लोकही नऊ शून्यांचा बिलियन वापरू लागले होते. काही जण जुना अर्थ धरून, काही नवा. अखेर रॉबिन मॅक्सवेल-हिस्लॉप या खासदाराने संसदेत पंतप्रधानांनाच लेखी प्रश्न विचारला: मंत्र्यांनी बिलियन हा शब्द फक्त 'मिलियन मिलियन' याच अर्थाने वापरावा, असा दंडक तुम्ही घालाल का?

२० डिसेंबर १९७४ रोजी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी 'नाही' असं उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं, की जगभर आता बिलियनचा अर्थ हजार मिलियन असाच घेतला जातो. ब्रिटिश मंत्र्यांनी तो वेगळ्या अर्थाने वापरला तर गोंधळच वाढेल. तेव्हापासून ब्रिटनच्या सरकारी कारभारात बिलियन म्हणजे नऊ शून्यं हे पक्कं झालं.

अवघ्या तेरा वर्षांत दोन शेजारी देशांनी एकमेकांच्या बाकावर जागा बदलावी, तसाच हा प्रकार!

आज कुठल्या भाषेत काय म्हणतात?

इंग्रजी पोस्टपुरतं बोलायचं तर आज काळजीचं कारण नाही. पण मोबाईलवर आपण कुठल्याही भाषेतला मजकूर एका क्लिकवर भाषांतरित करून वाचतो, त्यामुळे ही यादी कामाची आहे.

जर्मन: नऊ शून्यांना 'मिलियार्डे', बारा शून्यांना 'बिलियोन'. म्हणून इंग्रजीतला बिलियनेअर जर्मनीत 'मिलियार्डेअर' होतो.
फ्रेंच: नऊ शून्यांना 'मिलियार', बारा शून्यांना 'बिलियों'.
इटालियन: नऊ शून्यांना 'मिलियार्दो'.
स्पॅनिश: नऊ शून्यांना 'मिल मियोनेस', म्हणजे हजार मिलियन. 'बियोन' म्हणजे बारा शून्यं. १९९५ मध्ये स्पॅनिश भाषेच्या अकादमीने व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष राफाएल काल्देरा यांच्या सूचनेवरून 'मियार्दो' हा शब्दही मान्य केला, पण सर्वसामान्य बोलण्यात तो फारसा दिसत नाही.
पोर्तुगीज: इथे तर एकाच भाषेत दोन तऱ्हा. पोर्तुगालमध्ये बिलियन बारा शून्यांचा, ब्राझीलमध्ये नऊ शून्यांचा.
रशियन: नऊ शून्यांना 'मिलियार्द', पण बारा शून्यांना 'ट्रिलियोन'. म्हणजे दोन्ही मोजण्यांचं मिश्रण.

मिलियार हा शब्द इंग्रजीतही एका कोपऱ्यात टिकून आहे. परकीय चलनाची खरेदी-विक्री करणारे दलाल बोलताना शंभर कोटींना 'यार्ड' म्हणतात. हे 'यार्ड' म्हणजे 'मिलियार्ड'चं शेपूट. फोनवर मिलियन आणि बिलियन ऐकण्यात गफलत झाली तर हजारपट नुकसान होईल, त्यामुळे हा वेगळा वाजणारा शब्द त्यांना सोयीचा पडतो.

इतिहास वाचतानाही सावध!

१९२३ मध्ये जर्मनीत महागाईने कळस गाठला होता. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ 'बिलियोन' मार्क मोजावे लागत. हा जर्मन बिलियोन, म्हणजे बारा शून्यांचा. आजच्या इंग्रजीत हीच रक्कम ४.२ ट्रिलियन होते आणि मराठीत ४.२ लाख कोटी. कुणी शब्द तसाच उचलून '४.२ अब्ज मार्क' लिहिलं, तर महागाई एकदम हजारपट कमी झाली!

हंगेरीत तर याहूनही कहर झाला. १९४६ मध्ये तिथे 'दहा कोटी बी-पेंगो' किमतीची नोट निघाली. यातल्या 'बी'चा अर्थ बिलियन, तोही बारा शून्यांचा. म्हणजे त्या एका नोटेची किंमत एकावर वीस शून्यं इतके पेंगो. जगात प्रत्यक्ष चलनात आलेली ही सगळ्यात मोठ्या आकड्याची नोट.

त्यामुळे १९७४ च्या आधीचं एखादं ब्रिटिश पुस्तक तुमच्या हाती आलं आणि त्यात बिलियन दिसला, तर लेखक कुठला आणि पुस्तक कधीचं हे आधी बघा. तोच शब्द अमेरिकन पुस्तकात असेल, तर तो बहुधा नऊ शून्यांचा असतो.

वैज्ञानिकांनी यातून सुटका कशी करून घेतली?

शास्त्रज्ञांना असली संदिग्धता परवडत नाही. मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत १९६० मध्ये 'गिगा' म्हणजे नऊ शून्यं आणि 'टेरा' म्हणजे बारा शून्यं हे उपसर्ग ठरवले गेले. ग्रीक भाषेत पहिल्याचा अर्थ राक्षसी देहाचा माणूस आणि दुसऱ्याचा अक्राळविक्राळ प्राणी. आपल्या मोबाईलमधला 'जीबी' तो हाच. १ गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट. गिगा म्हटलं की जर्मन असो, फ्रेंच असो वा मराठी, सगळ्यांना एकच संख्या कळते. याच पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेत 'एका बिलियनमागे इतके भाग' असं मोजमाप शक्यतो टाळावं असंही सुचवलेलं आहे. कारण तेच: बिलियनचा अर्थ भाषेगणिक बदलतो.

आपल्या अब्जाची गोष्ट

आता घरच्याकडे वळू. मोठ्या संख्यांना नावं देण्यात आपण कधीच मागे नव्हतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे साधारण ११५० सालच्या ग्रंथात, एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. प्रत्येक नाव आधीच्याच्या दहापट. कोटीनंतरची यादी अशी:

अर्बुद (८ शून्यं), अब्ज (९), खर्व (१०), निखर्व (११), महापद्म (१२), शंकू (१३), जलधी (१४), अंत्य (१५), मध्य (१६), परार्ध (१७).

म्हणजे शुकेने बिलियन लिहिला त्याच्या तीनशेहून अधिक वर्षं आधी आपल्याकडे नऊ शून्यांनाही नाव होतं आणि बारा शून्यांनाही. 'अब्ज' या शब्दाचा मूळ अर्थ पाण्यात जन्मलेलं, अर्थात कमळ. महापद्म म्हणजेही मोठं कमळच. जलधी म्हणजे समुद्र. इटालियन व्यापाऱ्याने हजाराला मोठं करून मिलियन बनवला, तर आपल्याकडे संख्येला तळ्यातली कमळं आणि समुद्र यांची नावं मिळाली.

पण बिलियनला जो रोग जडला, तो आपल्याही घरात आहे बरं का! हिंदीतला 'अरब' हा शब्द 'अर्बुद'वरून आला. लीलावतीत अर्बुद म्हणजे १० कोटी, पण हिंदीत अरब म्हणजे १०० कोटी. हिंदीतला 'खरब' आणि आपला 'खर्व' हीदेखील एकाच शब्दाची रूपं. पण हिंदीत खरब म्हणजे ११ शून्यं, तर लीलावतीच्या यादीत खर्व म्हणजे १० शून्यं. म्हणजे हिंदी बातमीतला '१ खरब' मराठीत '१ खर्व' म्हणून उतरवला, तर रक्कम एका फटक्यात दहापट कमी होते. त्यातच मराठीत 'अब्ज, दशअब्ज, खर्व, दशखर्व' अशी दुसरी यादीही फिरते, तिच्यात खर्व ११ शून्यांचा होतो.

म्हणून व्यवहारात सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे अब्जाच्या पुढे न जाणं. १०० कोटींना अब्ज म्हणा आणि त्यापुढे सरळ 'हजार कोटी', 'लाख कोटी' म्हणा. यात कुणाचाही गैरसमज होत नाही. आपल्या अर्थसंकल्पाचे आकडे लाख कोटींत सांगतात ते याचमुळे लगेच कळतात.

बिलियनचं मराठी करायच्या सोप्या युक्त्या

१. मिलियन दिसला की आकड्याला १० ने भागा आणि पुढे 'कोटी' लावा. ५०० मिलियन म्हणजे ५० कोटी. पृथ्वी ते सूर्य अंतर साधारण १५० मिलियन किलोमीटर, म्हणजे १५ कोटी किलोमीटर.

२. बिलियन दिसला की १०० ने गुणा आणि 'कोटी' लावा. विश्वाचं वय १३.८ बिलियन वर्षं, म्हणजे १,३८० कोटी वर्षं. संयुक्त राष्ट्रांनुसार १५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाची लोकसंख्या ८ बिलियन झाली, म्हणजे ८०० कोटी.

३. ट्रिलियन दिसला की काहीच करू नका. फक्त ट्रिलियनच्या जागी 'लाख कोटी' ठेवा. ५ ट्रिलियन म्हणजे ५ लाख कोटी.

४. रक्कम डॉलरमध्ये असेल तर आणखी एक पायरी आहे. १ बिलियन डॉलर म्हणजे १०० कोटी डॉलर, १०० कोटी रुपये नव्हेत! त्याला त्या दिवशीच्या डॉलरच्या दराने गुणा. दर समजा ८५ रुपये असेल, तर १ बिलियन डॉलर म्हणजे ८,५०० कोटी रुपये. ही पायरी विसरल्यामुळे शेअर झालेल्या पोस्ट किती असतील, त्याची गणतीच नको.

५. अक्षरं ओळखा. व्ह्यूजच्या आकड्यापुढे 'के' असेल तर हजार, 'एम' असेल तर मिलियन, 'बी' असेल तर बिलियन. २१ डिसेंबर २०१२ रोजी 'गंगनम स्टाइल' हे एक बिलियन व्ह्यूज मिळवणारं यूट्यूबवरचं पहिलं गाणं ठरलं. म्हणजे १०० कोटी वेळा ते पाहिलं गेलं. दोन वर्षांनी तर हा आकडा यूट्यूबच्या काउंटरच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे सुमारे २१४ कोटी ७४ लाखांच्या पुढे जाऊ लागला आणि कंपनीला काउंटरच मोठा करावा लागला.

एवढं सगळं कशाला? एका शून्याने काय होतं?

खूप काही होतं! मार्च २०२० मधली ही गोष्ट बघा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी मायकेल ब्लूमबर्ग यांनी जाहिरातींवर ५०० मिलियन डॉलर खर्च केले होते. एक ट्वीट व्हायरल झालं: अमेरिकेची लोकसंख्या ३२७ मिलियन आहे, एवढ्या पैशांत प्रत्येक अमेरिकन माणसाला १ मिलियन डॉलर देता आले असते! हजारो लोकांनी ते शेअर केलं. एका मोठ्या वृत्तवाहिनीवर थेट कार्यक्रमात ते वाचून दाखवलं गेलं, त्यावर गंभीर चर्चाही झाली. तिथे बसलेल्या कुणालाच काही खटकलं नाही.

आता हेच मराठीत करून बघा. ५० कोटी डॉलर, ३२.७ कोटी माणसं. प्रत्येकाला किती? जेमतेम दीड डॉलर! मिलियनच्या धुक्यात जी चूक भल्याभल्यांना दिसली नाही, ती कोटीत मांडल्यावर शाळकरी पोरालाही दिसते.

आपल्याकडेही असंच होतं. मे २०२० मध्ये पंतप्रधानांनी २० लाख कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. इंग्रजीत ते २० ट्रिलियन रुपये. ही रक्कम १३० कोटी लोकांत सारखी वाटली असती तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १५ हजार ३८५ रुपये आले असते. १५ लाखही नाही आणि दीडशेही नाही. एखाद्या सरकारी योजनेचं कौतुक करायचं असो की टीका, आधी हा भागाकार करायला हवा. तो चुकला तर कौतुकही खोटं आणि टीकाही खोटी.

आणि हे फक्त राजकारणापुरतं नाही. एखाद्या कंपनीवर १.२ बिलियनचं कर्ज आहे की १.२ मिलियनचं, यावर त्यात पैसे गुंतवायचे की नाही हे ठरतं. आरोग्यावरच्या एखाद्या पोस्टमध्ये रुग्णांची संख्या हजारपट फुगली, तर लोक उगाच घाबरतात. आकडा मोठा असला की आपली शंका घेण्याची ताकद कमी होते आणि अफवा पसरवणाऱ्यांचं नेमकं याच गोष्टीवर फावतं.

शेअर करण्याआधी एवढं बघा

मजकूर मूळ कुठल्या भाषेतला आहे? युरोपातल्या भाषेतून आला असेल तर बिलियनचा अर्थ तपासा.
मिलियन, बिलियन की ट्रिलियन? शब्दाचं पहिलं अक्षर पुन्हा वाचा.
रक्कम रुपयांत आहे की डॉलरमध्ये?
आकडा कोटीत बदलून बघा आणि शक्य असेल तर माणशी किती येतात ते काढा.
येणारं उत्तर बुद्धीला पटतं का? नसेल पटत, तर पोस्ट तिथेच थांबवा.

मंडळी, लॉकचं म्हणणं खरंच होतं. नाव दिल्याशिवाय संख्या मनात ठरत नाही. पण आपल्याला ज्या नावाची सवय आहे, त्याच नावाने ती खऱ्या अर्थाने ठरते. बिलियन कितीही वेळा वाचला तरी तो आपल्या डोळ्यांसमोर उभा राहत नाही. '१०० कोटी' म्हटलं की मात्र लगेच अंदाज येतो, कारण लाख-कोटीचे हिशेब आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी 'अमुक बिलियन' असं टाकलं, की आधी मनातल्या मनात शंभराने गुणा, पुढे कोटी लावा आणि मगच ठरवा, 'बापरे' म्हणायचं की 'असं होय' म्हणायचं ते!